सहावी ते आठवी, पट २३

कामं आवरून बसला असाल, नाहीतर भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज आम्ही शाळेबद्दल बोलणार आहोत, आणि तेही गावातल्या छोट्या शाळेच्या वरच्या वर्गांबद्दल. सहावी, सातवी आणि आठवी. पहिली-दुसरीच्या पोराकडे घरातल्या सगळ्यांचं लक्ष असतं. दहावीला तर अख्खी भावकी विचारपूस करते. मधली ही तीन वर्षं मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. पोरगं शाळेत जातं, येतं, जेवतं, झोपतं. आणि नेमकं याच तीन वर्षांत मुलगी वयात येते, मुलाचा आवाज फुटतो, गणितात अक्षरं घुसतात आणि शाळा नकोशी व्हायची असेल तर तीही इथेच होते.

हा विषय निघाला आमच्या गटाच्या जूनच्या बैठकीत. कर्जाचे पाच अर्ज होते. एक शेळ्यांसाठी, एक शिलाई मशीनसाठी आणि तीन शाळेच्या फीसाठी. तिघींनाही मुलं गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायची होती. दोन मुलं सहावीतली, एक मुलगी सातवीतली. फी, गाडीभाडं, दोन गणवेश, बूट असं सगळं धरलं तर एका लेकराचे वर्षाला २५,००० च्या वर जात होते. कर्ज नाकारायचा प्रश्न नव्हता. तिघींची बचत नियमित आहे, हप्ते वेळेवर येतात. पण अर्ज वाचून झाल्यावर आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "शेळी घेताना आपण दात बघतो, कास बघतो. शाळा बदलायच्या आधी असलेली शाळा एकदा बघून तरी येऊ." मग ठरलं. आम्ही चौघी तीन वेगवेगळ्या दिवशी शाळेत जाऊन बसलो. मुख्याध्यापकांना आधी सांगितलं होतं, त्यांनी आनंदाने खुर्च्या टाकल्या. आम्ही खुर्च्या नको म्हणालो आणि मागे सतरंजीवर बसलो. तिथून सगळं नीट दिसतं.

आमची शाळा पहिली ते आठवी. सहावीत ७, सातवीत ९, आठवीत ७, असा वरच्या वर्गांचा पट २३. त्यात मुली १०. या तीन वर्गांना शिक्षक दोन, एक सर आणि एक मॅडम. तिसरी जागा रिकामी आहे. त्यामुळे एका खोलीत दोन वर्ग बसतात, एकाला लेखन देऊन दुसऱ्याला शिकवायचं. ऐकायला हे गैरसोयीचं वाटतं आणि गैरसोयीचं आहेच. पण आम्ही एक गोष्ट पाहिली. सर सातवीला गणित सांगत होते आणि सहावीतला एक मुलगा आपली वही सोडून फळ्याकडे बघत होता. सरांनी त्याला दटावलं नाही. सातवीची उत्तरं चुकली तेव्हा त्यालाच विचारलं आणि त्याने बरोबर सांगितलं. सातवीची पोरं ओशाळून हसली. दुसऱ्या दिवशी तीच पोरं पाढे म्हणून आली होती.

सात जणांच्या वर्गात लपायला जागा नसते. मोठ्या वर्गात मागच्या बाकावरचं मूल वर्षभर मान खाली घालून काढू शकतं. इथे रोज प्रत्येकाला फळ्यापाशी जावं लागतं. अपूर्णांकाचा भागाकार कुणाला येत नाही हे सरांना पहिल्या आठवड्यातच कळतं, आणि त्याला तो का येत नाही हेही कळतं. एका मुलीचं घोडं पाढ्यांवर अडलं होतं. दुसऱ्याला गणित येत होतं, पण गणितातली वाक्यं वाचता येत नव्हती. दोघांची चूक वहीत सारखीच दिसते. सरांनी एकीला पाढे दिले आणि दुसऱ्याला गोष्टीचं पुस्तक.

आता आमच्या आवडीचं सांगतो. सहावी-सातवीच्या गणितात सरळव्याज येतं, आठवीत चक्रवाढ व्याज. सरांनी मुलांना सांगितलं, घरातून आईच्या बचत गटाचं पासबुक घेऊन या. आमच्या गटात १०,००० चं कर्ज दहा हप्त्यांत फेडायचं असतं आणि व्याज महिन्याला शेकडा २, तेही उरलेल्या मुद्दलावर. मुलांनी फळ्यावर मांडलं. पहिल्या महिन्याला व्याज २००, दुसऱ्याला १८०, तिसऱ्याला १६०, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला २०. सगळं मिळून व्याज १,१००. मग सरांनी दुसरं उदाहरण दिलं. दारात येऊन कर्ज देणारा एक माणूस म्हणतो, आमचाही दर शेकडा २ च, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण १०,००० वर. पोरांनी हिशेब केला. दहा महिने २००, म्हणजे २,०००. दर तोच, मुदत तीच आणि ९०० रुपये जास्त. आठवीतली एक मुलगी घरी जाऊन आईला म्हणाली, "तुझा दुसरा हप्ता १,१८० चा. आणि त्या माणसाला विचार, व्याज कशावर धरतोस." आम्ही गटाच्या प्रशिक्षणात हे समजवायला अर्धा दिवस घालवतो, बायांनो.

असंच पावसाचं. आपला भाग पडला दुष्काळी. मुलांनी बाटली कापून पर्जन्यमापक केला आहे. सकाळी साडेआठला आठवीतलं एक मूल आकडा बघतं आणि बाहेरच्या फळ्यावर लिहितं. पाऊस पडला की सकाळी गावातले चार जण तो फळा वाचायला येतात. त्यात शाळेत कधी न गेलेले एक आजोबाही असतात. ते पोरालाच विचारतात, "आज किती रं?"

अभ्यासाचं आणखी एक सांगायला हवं, कारण ते पैशाशी बांधलेलं आहे आणि पुष्कळ जणींना माहीत नसतं. आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा असते, शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला किमान ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. दोन पेपर, ९०-९० प्रश्नांचे. एक बुद्धिमत्तेचा, दुसरा गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राचा. मूल निवडलं गेलं की नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. ही परीक्षा सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्याच मुलांना देता येते. विनाअनुदानित खासगी शाळेत नाव घातलं की हा रस्ता बंद होतो. फीसाठी अर्ज केलेल्या तिघींपैकी एकीलाही हे ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या त्या शाळेने ते सांगायचं काही कारण नव्हतं.

आता वागणुकीचं. माणसांत वावरायचं शिक्षण म्हणा.

रोज सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना, बातम्या, दिनविशेष, सुविचार, एक गोष्ट, एक प्रश्न. २३ मुलं आणि रोज पाच-सहा जणांची कामं, म्हणजे आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाला सगळ्यांसमोर उभं राहावंच लागतं. सहावीतल्या नव्या मुलीचे पाय लटपटतात. आठवीतली मुलगी बातमी वाचून झाल्यावर आपलं मत पण सांगते आणि सरांनी थांबवलं तरी थांबत नाही! आपल्यातल्या किती जणी ग्रामसभेत उभ्या राहून दोन वाक्यं बोलतात ते आठवा.

दुपारचं जेवण आमच्या गटातल्या दोघी शिजवतात. वरच्या वर्गाच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ, खालच्या वर्गाला १००. ते मोजून घेणं हे आठवीच्या मुलांचं काम, वहीत लिहिणंही त्यांचंच. वाढायलाही तीच. पंगत हजेरीपटाच्या क्रमाने बसते. गावाच्या कार्यात अजूनही कोण कुठे बसतं आणि कुणाच्या हातचं कोण खात नाही, हे आपण सगळ्या जाणतो. त्यावर आम्ही जास्त बोलत नाही. शाळेत मात्र ज्याचा नंबर त्याच्या शेजारी बसायचं आणि ज्याची पाळी त्याच्या हातचं घ्यायचं. एका घरातून तक्रार आली होती. मॅडम त्या घरी गेल्या, चहा घेतला, हजेरीपट दाखवला आणि परत आल्या. क्रम बदलला नाही. मोठ्या शाळेत एवढ्यासाठी घरी कोण जातं?

मेंढरं घेऊन जाणाऱ्या घरांची मुलं दिवाळीनंतर जातात आणि पाऊस लागला की येतात. ही मुलं परत आल्यावर त्यांना वेगळं बसवत नाहीत. एक जोडीदार ठरवून देतात, त्याने आपली वही दाखवायची आणि रोज अर्धा तास बरोबर बसायचं. सातवीतला असा एक मुलगा तारे, दिशा, रस्ते, पाणवठे सगळं जाणतो. नकाशाचा धडा आला तेव्हा जोडीदाराची वही बाजूला राहिली आणि धडा त्यानेच शिकवला. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलांनी गावातच राहायचं आणि त्यांच्या जेवणाखाण्याची सोय करायची. त्यासाठी शाळेने आधी मागणी करावी लागते. आमच्याकडे यंदा ती वेळेत जायला हवी, म्हणून हे इथे सांगून ठेवतो.

मुलींचं बोलू. घरात पुरुषमाणसं असतील तर असू द्या, त्यांनीही ऐकावं. सहावी-सातवीत पाळी सुरू होते. मॅडम मुलींना वेगळ्या खोलीत घेऊन बोलतात आणि सर त्याच वेळी मुलांशी बोलतात. मुलांना काय सांगता, आम्ही विचारलं. सर म्हणाले, "इतकंच सांगतो की कुणाच्या कपड्याला डाग दिसला तर हसायचं नाही, मॅडमना सांगायचं." बोलणं झालं, पण शौचालयाची कडी तुटलेली होती आणि पाणी बाहेरून बादलीने न्यावं लागत होतं. मुली पाळीच्या दिवसांत घरी राहत होत्या. हजेरीपट पाहिला तर चौघींची गैरहजेरी दर महिन्याला ठरावीक दिवसांची होती. कडी ८० रुपयांत आली. पाण्याच्या नळासाठी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करावा लागला आणि पाठपुरावा दोन महिने. आता तोटीला पाणी येतं. हजेरीपट आम्ही परत बघणार आहोत.

खेळाचं गमतीचं आहे. खो-खोला मैदानात ९ जणी लागतात आणि आमच्या मुली १०. म्हणजे 'मला येत नाही' म्हणायची सोयच नाही. मोठ्या शाळेत चपळ मुली खेळतात आणि बाकीच्या टाळ्या वाजवतात. इथे जाड, बारीक, लाजरी, भित्री सगळ्या खेळतात. तालुक्याला पहिल्याच फेरीत हरून आल्या. येताना एसटीत गाणी म्हणत आल्या, कंडक्टर वैतागला.

एवढं कौतुक केलं म्हणून छोटी शाळा सोन्याची, असं आम्ही म्हणत नाही. उणिवा आहेत आणि त्या मोठ्या आहेत. प्रयोगशाळा नाही, एक पेटी आहे. ग्रंथालयाचं कपाट आहे, पण त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. सर निवडणुकीच्या कामाला नाहीतर प्रशिक्षणाला गेले की मॅडम एकट्या आणि समोर तीन वर्ग. आम्ही बसलो त्या तीन दिवसांपैकी एक दिवस असाच गेला. इंग्रजी कच्चं आहे. मुलं वाचतात, पण बोलत नाहीत. फीसाठी अर्ज करणाऱ्या एका ताईने हे तोंडावर सांगितलं, "माझ्या पोराने मोबाईल दुकानात काम करावं असं मला वाटत नाही, त्याने दुकान टाकावं. त्याला इंग्रजी लागणार." तिचं म्हणणं खोटं नाही, आणि बैठकीत कुणाला त्यावर पटकन उत्तर देता आलं नाही.

दुसरी उणीव अशी की, सात जणांत पहिला आलेला मुलगा स्वतःला फार हुशार समजतो. आणि वर्गात दोनच मैत्रिणी असल्या आणि त्यांचं बिनसलं, तर तिसरीकडे जायला तिसरी नसते. आठवीत मुली तीनच आहेत. गेल्या वर्षी दोघींचा अबोला तीन महिने चालला आणि तिसरीचा जीव मेटाकुटीला आला.

नववीला ही मुलं सहा किलोमीटरवरच्या हायस्कूलमध्ये जातात. तिथे एका वर्गात ६०-६५ मुलं. इथे नावाने हाक मारणारे सर, तिथे नंबर. पहिल्या महिन्यात काही मुलं गप्प होतात, एखादं शाळा सोडतं. म्हणून दोन वर्षांपासून सर आठवीच्या दुसऱ्या सत्रात मुद्दाम वेगळं वागतात. मुलांना म्हणतात, आता मी समजावून सांगणार नाही, धडा तुम्ही वाचा आणि पाच प्रश्न काढून आणा. भरभर सांगतात आणि मुलांनी ते ऐकून वहीत उतरवायचं. प्रश्न विचारायचा असेल तर जागेवर उभं राहून, मोठ्याने. फेब्रुवारीत सातही जणांना एक पूर्ण दिवस हायस्कूलला नेऊन बसवतात. सर बरोबर असतात, पण तिकीट मुलांनी काढायचं. एसटी किती वाजता, कुठून, चुकली तर पुढची कोणती, हे मुलं वहीत लिहून आणतात. परत येताना बँक आणि पोस्ट दाखवतात. मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. त्यासाठी शाळेचा दाखला लागतो आणि तो कुठे, कसा मागायचा हेही याच फेरीत शिकवतात. गेल्या वर्षीच्या आठवीतली सगळी मुलं नववीत आहेत. एकीला घरच्यांनी बसवायचं ठरवलं होतं. तिघी एकत्र जातात-येतात हे पाहून घरचे तयार झाले.

आता पटाचं. संचमान्यता हा शब्द ऐकला असेल. कुठल्या शाळेला किती शिक्षक हे त्यात ठरतं आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट बघतात. १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आला, त्यात सहावी ते आठवीसाठी २० च्या पटाची रेघ पडली. त्याखालच्या वर्गांचे शिक्षक राहतील का, यावरून राज्यभर शिक्षक आणि पालक बोलले. आमचा पट २३. त्यातली तीन मुलं गेली की २०. एखादं घर मेंढरं घेऊन लवकर निघालं आणि नाव कमी झालं की १९. वरचे वर्ग बंद झाले तर अकरा वर्षांच्या मुलीला सहा किलोमीटर जावं लागेल. शिक्षण हक्काच्या नियमाप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी. पण नियम कागदावर असतो आणि ओढा रस्त्यात असतो. पावसाळ्यात त्या ओढ्यावरून मुलीला कोण पाठवणार, हे सांगायला नको.

म्हणून त्या तिघींना आम्ही थांबा म्हणालो का? नाही. आईने आपल्या लेकराचं बघायचं असतं, पट सांभाळायचं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकणं बरं नाही. तिन्ही अर्ज मंजूर केले. जे पाहिलं ते तिघींना सांगितलं, कौतुक आणि उणिवा दोन्ही. एकीने अर्ज मागे घेतला, तिची मुलगी सातवीत इथेच आहे आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीला बसणार आहे. एकीचा मुलगा गेला. सकाळी सात वाजता गाडीत बसतो, खुशीत आहे, त्याचं चांगलं होवो. तिसरी अजून ठरवते आहे. तिची रक्कम गटाच्या खात्यात बाजूला ठेवली आहे आणि मुलगा तोवर सहावीत येतो आहे. म्हणजे आज पट २२.

इंग्रजीचा प्रश्न मात्र आम्ही सोडला नाही. आमच्या गटांतल्या बी.ए., बी.कॉम. झालेल्या आम्ही तिघी आहोत. शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास मुलांशी फक्त इंग्रजीत बोलायचं असं ठरलंय. व्याकरण नाही, फळा नाही. बाजार, दवाखाना, एसटी, दुकान, एवढंच. आमचंही इंग्रजी फार ग्रेट नाही, मुलं दुरुस्त करतील. कपाटाची किल्ली आठवीतल्या दोन मुलींकडे द्यायला मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. रिकाम्या जागेसाठी समितीचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला आहे, त्याची पोच आमच्याकडे आहे.

ही समिती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका हव्यात. आपल्या बऱ्याच गावांत बायका कागदावर आहेत. इतिवृत्ताची वही घरी येते आणि सही होते. तुमच्या गावात पालक सभा कधी आहे ते विचारा. जाताना एकट्या जाऊ नका, गटातून चौघी जा. हजेरीपट मागा, मुलींच्या गैरहजेरीचे दिवस बघा. आपल्या लेकराला पुस्तकातलं एक पान सगळ्यांसमोर वाचायला सांगा आणि शेजारणीच्या लेकरालाही. शिक्षक किती दिवस शाळेबाहेरच्या कामाला गेले ते विचारा, पण विचारताना त्यांच्यावर ओरडू नका. त्यांनाही ते काम नकोच असतं.

आमची पालक सभा या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी तीनला आहे. शेजारच्या वाड्यांवरच्या बायकांनी यायचं असेल तर या, सतरंजीवर जागा आहे. पुढच्या आठवड्यात याच वेळी शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू. नमस्कार.